सदर इसम

(एका मोठ्या जुन्या दुकानाचा तिसरा मजला, चादरी-पडद्यांचा विभाग. दुपारचे तीन. तीन दिव्यांपैकी एक चालू. काकू घड्या घालताहेत. समोर मॅनेजर, हातात दोन कागद.)

मॅनेजर : काकू, ती चादर ठेवा हो खाली. मी काय म्हणतोय तिकडे लक्ष द्या.

काकू : कान मोकळेच आहेत, बोला. सकाळी एक बाई येऊन सात चादरी उलगडून गेली.

मॅनेजर : घेतली एखादी?

काकू : लेबलांचे फोटो घेतले. घरी बसून मागवते म्हणाली. वर मलाच विचारते, धुतल्यावर रंग जातो का? म्हटलं, नाही जात. काय करणार, खरंच नाही जात.

मॅनेजर : दुकान बंद होतंय, ते कळलं ना तुम्हाला?

काकू : कळलं. अत्तराच्या काउंटरवरची रडत होती सकाळी. मला रडूसुद्धा आलं नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं बधिर झालंय सगळं. तुम्ही बोला.

मॅनेजर : आपण आकडा फुगवला, तोच अंगाशी आला. दोन महिन्यांपूर्वी दिवसाला साठ माणसं आत यायची. आता दोनशेच्या वर येतात. आणि विक्री? होती तेवढीच.

काकू : दारावरचं यंत्र माणसं मोजतंय, आकडा शंभराच्या खाली राहिला की दुकान बंद, असं तुम्हीच म्हणालात. पुढच्या दारानं सारखी ये-जा करा म्हणालात. सगळ्यांनी केली आठ दिवस. मग ज्याला त्याला कंटाळा आला.

मॅनेजर : आणि तुम्ही काकांना कामाला लावलंत.

काकू : लावलं. निवृत्त झाल्यापासून भिंतीकडे बघत बसायचे. डॉक्टर म्हणाले, चाला. म्हटलं चालायचंच आहे, तर आमच्या दारातून चाला.

मॅनेजर : पण दिवसाला दीडशे फेऱ्या, काकू?

काकू : हौशी माणूस! पुढच्या दारानं आत, बाजूच्या दारानं बाहेर, शेजारच्या त्या बंद बुटांच्या दुकानावरून वळसा, की पुन्हा आत. डबासुद्धा घाईघाईत खातात. आकडा मागे पडेल म्हणतात.

मॅनेजर : तिथंच घोळ झाला. हेड ऑफिसनं काय लिहिलंय ऐका. ‘गिऱ्हाईक भरपूर येत आहे. मात्र कर्मचाऱ्यांना माल विकता येत नाही.’

काकू : पुन्हा वाचा.

मॅनेजर : ‘माल विकता येत नाही.’

काकू : मला?

मॅनेजर : सगळ्यांनाच. प्रत्येकाच्या कागदावर हा शेरा येणार होता.

काकू : एकतीस वर्षं झाली, साहेब. उशीचा एक अभ्रा घ्यायला आलेला माणूस घरभर पडदे घेऊन गेलाय इथून. हसत हसत.

मॅनेजर : माहितीये हो. म्हणून तर वाट काढलीय. कॅमेऱ्यात त्यांना दिसलं, एकच म्हातारा परत परत आत येतोय. विचारलं, हा कोण? मग मी हा दुसरा कागद केला. ‘सदर इसमास मी ओळखत नाही. त्याचा मानसिक तोल ढळलेला दिसतो. तो आपणहून दुकानात शिरत असे.’ सही केली की त्याच्या फेऱ्या वजा आणि तुमचा शेरा रद्द. गावाबाहेरच्या नव्या मॉलमध्ये आपली माणसं घेणारेत. तुमची चार वर्षं राहिलीत. तिथं निघतील.

काकू : आणि हे दुकान?

मॅनेजर : ते जातंच. फेऱ्या वजा केल्या तर गिऱ्हाईक येत नाही म्हणून. नाही केल्या तर तुम्हाला विकता येत नाही म्हणून.

काकू : म्हणजे मी बिनकामाची की हे वेडे, एवढंच ठरायचं राहिलंय.

मॅनेजर : असं कशाला बोलता? कागदापुरतं आहे. काकांना कळणारसुद्धा नाही. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात.

काकू : वॉचमनची? दर फेरीला ‘या काका, या’ म्हणतो तो.

मॅनेजर : पहिली त्याचीच.

काकू : अत्तरवालीची?

मॅनेजर : तिचीही. तिला दोन लहान मुलं आहेत, काकू.

काकू : मी कुठं काय म्हणतेय? तिचं बरोबरच आहे. परवा ह्यांच्या मनगटावर अत्तर मारलं होतं तिनं. रात्रभर हात नाकाशी धरून झोपले. तुमची सही?

मॅनेजर : ...माझीही झाली.

काकू : बरं.

मॅनेजर : रागावलात?

काकू : नाही हो. यायला हवा होता राग. येत नाहीये.

काका : अगं, आहेस ना? अरे वा, साहेबही आहेत! नमस्कार. जिन्यानं आलो बरं का. तुमचा सरकता जिना कायमचाच झोपला वाटतं.

काकू : मध्येच कसे वर आलात?

काका : चौऱ्याण्णव झाल्या, म्हटलं जरा दम खावा. आज वॉचमनचं काय बिनसलंय गं? मी आलो की मान फिरवतो. विचारलं, बाबा, माझं काही चुकलं का? तर बूट बघत बसला. ती अत्तरवाली पोरगीही मला बघून आत निघून गेली. भांडणबिंडण झालं का तुमच्यात?

काकू : नाही. बसा त्या गादीवर.

काका : विकायच्या गादीवर?

काकू : बसा हो. कोण घेतंय?

काका : साहेब, वरून काही आलं का? हिला रोज विचारतो, ही धड सांगत नाही.

मॅनेजर : काका, ते... आलंय. म्हणजे चाललंय.

काकू : दोनशेच्या वर गेला आकडा.

काका : बघ! आणि तू म्हणत होतीस, काय उपयोग. अहो साहेब, ह्या रस्त्यावर अर्ध्या दुकानांवर ‘भाड्याने देणे’च्या पाट्या आहेत. रोज वाचत जातो ना. म्हटलं, हिच्या दुकानावर नाही लागू द्यायची. खरं सांगू? निवृत्त झाल्यावर सकाळी उठून जायला ठिकाणच नव्हतं मला. आता अंघोळ करून निघतो, इस्त्रीचा शर्ट घालतो. बरं वाटतं.

काकू : साहेब, पेन द्या.

मॅनेजर : हा घ्या. इथं, खाली...

काकू : हा कागद नको. तो पहिला. शेऱ्याचा.

मॅनेजर : काकू, विचार करा. मग तिथं घेणार नाहीत तुम्हाला. कुठंच नाही घेणार.

काकू : सही कुठं करायची?

मॅनेजर : ‘वाचले, मान्य आहे’च्या खाली.

काका : कसली गं सही?

काकू : कामाची. झाली. आणि साहेब...

मॅनेजर : हं.

काकू : हे माझे मिस्टर. तुमची ओळख करून द्यायची राहूनच गेली होती.

काका : अगं, ओळख कसली करून देतेस? रोज बघतात ते मला.