मागच्या फाटकाची किल्ली

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, मुख्याध्यापक, माझे सहकारी, पालक, आणि खुर्च्या पाहुण्यांना दिल्यामुळे जमिनीवर बसलेल्या विद्यार्थ्यांनो,

निवृत्तीच्या सत्काराला उत्तर म्हणून मी दोन वाक्यं बोलून घरी जाणार होते. पण आज सकाळी शाळेच्या मागच्या फाटकापाशी मातीने भरलेला ट्रक येऊन उभा राहिला, म्हणून बोलणं भाग आहे. तो अजून तिथेच आहे. मघाशी मानपत्र वाचताना भोंगा वाजला, तो त्याचाच. नेमका ‘शांत व मृदुभाषी’ या शब्दांवर वाजला. चालकाला माझी माहिती बरी दिसते.

पाहुण्यांसाठी सांगते. शाळेच्या मागे एक तळं आहे. देखणं वगैरे नाही. त्यात बेडूक आहेत, पाणकोंबड्या आहेत आणि मुलांनी आजवर हरवलेले बहुतेक सगळे चेंडू आहेत. ते बुजवून तिथे सभागृह बांधायचं, असं संस्थेने ठरवलं. सभागृह कशासाठी? वक्तृत्व स्पर्धांसाठी. आणि आपल्या स्पर्धेचा विषय दर वर्षी कोणता असतो? ‘पर्यावरण वाचवा’. हसू नका, अजून पुढे आहे.

यंदाच्या स्पर्धेत वेळ संपल्याची घंटा वाजवायला मी बसले होते. सहावीतली एक मुलगी उभी राहिली. वर्गात तिला शंकासुर म्हणतात. शिक्षकांच्या खोलीतही तेच म्हणतात, फक्त हळू. भाषण तिच्या काकाने लिहून दिलेलं. ‘हे वसुंधरे’पर्यंत छान गेलं, मग गाडी अडली.

“बाई, पुढचं विसरले. माझं सांगू?”

“सांग,” मी म्हटलं.

“आपल्या तळ्यात भराव टाकणार आहेत. मग बेडूक कुठे जाणार?”

अध्यक्षमहोदय, आपण याच खुर्चीत होतात. मायेने विचारलंत, “कोण टाकणार आहे, बाळ?”

“तुम्हीच, सर.”

तिची वेळ तेव्हाच संपली होती. परीक्षक माझ्याकडे बघत होते, आपण तर फारच बघत होतात. मी घंटा उचलली आणि पर्समध्ये टाकली. मग ती बोलतच राहिली. पाणकोंबडीने घरटं कुठे केलंय, पावसाचं पाणी वर्गात न शिरता तळ्यात कसं जातं, सगळं बोलली. काकाचं एकही वाक्य त्यात नव्हतं. टाळ्या थांबेनात. तेव्हा अध्यक्षमहोदय उठले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आजपासून हे तळं मी मुलांच्या स्वाधीन करतो.” फोटो निघाला.

आता व्यासपीठावरून आपण मोठी माणसं काय काय बोलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. कोणी मनावर घेत नाही. मुलांना मात्र हे सांगायचं राहून गेलं. त्यांनी तळं घेतलं. काठावरचा कचरा उचलला, चेंडू ज्याचे त्याला परत केले, आणि आज सकाळी ट्रकसमोर जाऊन उभी राहिली.

“ए पोरांनो, सरका. खोळंबा होतोय.”

“तळं आमचं आहे, काका.”

“कोणी दिलं?”

“अध्यक्षांनी.”

“मलाही अध्यक्षांनीच पाठवलंय.”

“मग त्यांना विचारून या. आम्ही थांबतो.”

चालकाने इंजिन बंद केलं. मी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तेव्हापासून शिपाईमामा किल्ली मागायला सारखे येताहेत. दर वेळी मी मनापासून शोधते. पर्स फार खोल आहे.

अध्यक्षमहोदय, घड्याळ पाहू नका, घंटा अजून माझ्याकडे आहे. आपल्यावर माझा राग नाही. आपण शब्द दिलात, ताबा द्यायचा राहिला. संस्थेच्या कामात असं होतं. निवृत्त होण्यापूर्वी तेवढं मी पूर्ण करते. कुलूप तोडता येईल, नाही असं नाही. पण ते या सगळ्या पालकांसमोर तोडावं लागेल, आणि फोटोवाले आजही आले आहेत.

मानपत्राबद्दल, फुलांबद्दल आणि इतकी वर्षं मला सहन केल्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्यांनी पोटात घालावं. मुलांना तसं सांगत नाही, त्यांना माझी सवय आहे.

आता ताबा. ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्या मुख्याध्यापकांकडे. घंटा नव्या पर्यवेक्षिकाबाईंकडे. बाई, ती माणूस बघून वाजवा. मागच्या फाटकाची किल्ली, सापडली बरं का शिपाईमामा, सहावीच्या वर्गाकडे. शंकासुर, वर ये. हात पुढे कर. ‘मिळाली’ म्हण. मोठ्याने म्हण, ट्रकपर्यंत ऐकू जाऊ दे.