भुरीची उपाशी पोटी तपासणी

आमच्या बाबांनी जन्मात एकच चूक कबूल केली, अन् तीही एका गिनीपिगपुढं.

माझ्या पोरीची ही गिनीपिग, भुरी, दोन दिवस सुस्त होती. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला बोलावलं. आमी अमरावतीहून निघणार, तर पिंजऱ्यातलं गवत गायब!

"मी काढलं," बाबा म्हणाले. "रक्ताची तपासणी उपाशी पोटीच असते. मले शुगर आहे, मले नको शिकवू."

मलेही पटलं ना राव!

अकोल्यात बाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं. "सकाळपासून काय खाल्लं इनं?"

बाबा ऐटीत, "पाण्याचा थेंब नाही!"

"काहून?" बाई ओरडल्याच. "या जनावराचं पोट थांबलं की जीव जाते! संध्याकाळपर्यंत लेंडी पडली नाही, तर माझ्या हातात काही नाही."

रक्त राहिलं बाजूले. बिनसुईच्या सिरिंजनं तिले पातळ खाणं भरवायचं होतं. बाबांनी सिरिंज कोणाले देलीच नाही. दवाखान्याच्या बाकावर तिले टॉवेलात मांडीवर घेऊन एकच चालू, "खाय व माय, चुकलं माह्यं."

चार वाजले, पाच वाजले. पोरगी टॉवेलकडे टक लावून पाहून राहिली होती.

साडेपाचला लेंडी पडली. सोवळ्यात पूजा करणाऱ्या आमच्या बाबांनी ती चिमटीत उचलून पोरीले दाखवली. मग माझ्याकडे वळले.

"डबा काढ आता. सकाळपासून मीबी उपाशीच आहो."