वळणावर दोरी कुणी ढिली सोडायची

वरल्या गल्लीचे, खालल्या गल्लीचे, जमलेल्या सगळ्या अक्का, अण्णा, थोर माणसं. मला उभं राहून बोलायचं जमत न्हाई. मी सातवीत शाळा सोडलेला, एका जागी न टिकणारा माणूस. निरोप आला तवा पुण्याच्या पुढं एका कारखान्यात पत्रे उचलत होतो. पोचेपर्यंत निंगाप्पाकाकाला माती देऊन झाली होती. जे काकाला सांगायचं होतं ते आता तुमाला सांगायलोय. सांभाळून घ्या.

माझा काका कोण होता? पुढारी न्हाई, पंचायतीचा मेंबर न्हाई. मेंढरं राखली, शेत केलं, आणि जत्रेत देवाच्या रथाच्या चाकाखाली ठोकळा लावला. एवढंच. रथाला दोन दोर. डावा वरल्या गल्लीचा, उजवा खालल्या गल्लीचा. एका गल्लीत मराठी जास्त, दुसरीत कन्नड. ओढायला अख्खं गाव. पण रथ वळतो तो चाकाखाली सारलेल्या त्या लाकडाच्या ठोकळ्यावर. सगळं गाव पुढं बघतंय, आणि एक माणूस वाकून चाकाकडं बघतोय. तो माझा काका.

तुमाला ठाऊक हाय काय झालं होतं. टाकीजवळच्या वळणावर दोन्ही गल्ल्यांनी जोर केला. सोडायला कुणी तयार न्हाई. रथ सरळ सुगलाअक्काच्या ओसरीत शिरला. खांब मोडला, माणसं वाचली. मग चूक कुणाची? ह्यावरून दोन जत्रा रथ जागचा हलला न्हाई. ह्या गल्लीचं दूध त्या गल्लीत जाईना.

मग मतं मागायला साहेब आले. कोणते ते सांगत न्हाई. मंडपात दोन्ही गल्ल्यांच्या म्हाताऱ्यांचे हात धरून वर केले. म्हणाले, मराठी काय, कन्नड काय, आपण सगळे एक. टाळ्या पडल्या. मी बी वाजवलो. लई जोरात वाजवलो.

काका उठला. खांद्यावर कांबळं.

"साहेब, एक व्हायचं कळलं. पन वळणावर दोरी कुनी ढिली सोडायची?"

साहेब हसले. "अप्पा, मनं जुळली की दोरी आपोआप जुळती."

"मनं तवा बी जुळलेली होती, साहेब. जोर कमी पडला न्हाई. दोन्हीकडनं जोरच जास्त झाला."

मागनं सुगलाअक्का बोलली, "हात वर धरून फोटो काढलाव. माझ्या ओसरीचा खांब कोन उभा करनार? तुमचा फोटोच टेकू म्हनून लावू का?"

मंडप हसला. साहेब म्हणाले, समिती नेमू.

"व्हय," काका म्हन्ला, "समितीत कोन कोन? आन् बसनार कवा?"

साहेबांना पुढच्या गावाला उशीर होत होता.

घरी जाताना मी चिडलो. म्हन्लो, कामून असं बोललाव काका? चांगलं बोलायलता की तो माणूस. काका म्हन्ला, "चांगलं बोलायलता म्हनूनच इचारलो. वाईट बोलनाऱ्याला कोन इचारतंय?"

दुसऱ्या दिवशी काकानं आधी खांबाला हात घातला. दोन माणसं ह्या गल्लीची, दोन त्या गल्लीची. खांब उभा राहिला. मग बैल न जुपता गाडीत वाळू भरली, दोन दोर बांधले आणि वळणावर ओढायला लावलं. रोज. लोक म्हणले म्हाताऱ्याला याड लागलं. तवा कळलं, जाताना वळण डावीकडं, म्हणून डावी दोरी ढिली सोडायची. येताना तेच वळण उजवीकडं, मग उजवी. एकदा वरल्या गल्लीनं सोडायची, एकदा खालल्या गल्लीनं. इशाऱ्याला प्रत्येक दोरीवर एक माणूस, हातात लाल फडकं. काका 'सोडा' म्हन्ला की फडकं हलवायचं.

कुणीतरी म्हन्लं, सोडणारा हारल्यासारखा दिसतोय की. काका म्हन्ला, "त्या घडीला रथ सोडनाऱ्याच्याच हातात असतोय."

त्या जत्रेला रथ वळला. खांबात आणि चाकात वीतभर जागा राहिली. अक्कानं खांबाला हळद-कुंकू लावलं. हे मी मोबाईलवर बघितलं. जत्रेआधीच मी काम धरून गेलो होतो. व्हिडिओत काकाची नुसती पाठ दिसती. पण त्या पाठीएवढं उंच मला आमच्या घराण्यात कुणी दिसलं न्हाई. कारखान्यातल्या सगळ्यांना दाखवलो. म्हन्लो, हा माझा काका.

आता माझी गोष्ट. दर साली फोनवर मी म्हणायचो, काका, जत्रेला नक्की येतो. काका एकच इचारायचा, "कोनत्या गाडीनं?" मी हसून फोन ठेवायचो. माझ्याकडं गाडी न्हवती, नुसतं 'येतो' होतं. साहेबांची समिती आणि माझं 'येतो', दोन्हीत फरक काय होता, सांगा?

मघाशी इथं हे अण्णा बोलले, काकाची जागा आपण एकीनं भरून काढू. मनापासून बोलले. पण अण्णा, काका असता तर इचारला असता, ठोकळा कोन धरनार?

मी धरतो. मला येत न्हाई, म्हणून जत्रेच्या आठ दिवस आधी येतोय. वाळूची गाडी भरून ठेवा. लाल फडकं कुणाच्या हातात, ते दोन्ही गल्ल्यांनी इथनं उठायच्या आधी नाव घेऊन सांगा.

आणि काका, जत्रेला पुण्याहून रेल्वेनं येतोय. कमलनगर टेशनात सकाळी उतरतोय. तिकीट काढलोय. हे बघा, खिशात हाय.

आता सगळे उभं राहू. दोन मिनिटं कुणी मूठ आवळू नका. वळणावर काका 'सोडा' म्हणायचा, तसे हात मोकळे सोडा.

शरणु, काका. हा शेवटचा नमस्कार.