बैलांचा हौद

इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"नाथाजी, तू नदीकाठचा माणूस. पाळायला घोरपड बरी का कासव?"

"ह्या वयात ह्यो कसला नाद, आण्णा?"

"सांग तर. आमी कवा पाळलं न्हाई."

"मग कासवच. घोरपड भिंत चढून पळंल. कासवाला पालाबिला टाकला, बसायला दगूड ठेवला, की झालं. पर पाणी लय लागंल."

"बैलांचा हौद हाय की."

"बैलं तर ट्रॅक्टर आला तवाच इकली न्हवं तुमी?"

"व्हय. पर घरची अजून रोज सकाळी हौद काठोकाठ भरतीया. नगं भरू म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई गड्या."

"दोन आणतो, आण्णा. जोडी पायजे."