मावशींचे पाच

विश्वसनीयता हा शब्द मी हल्ली जपूनच वापरते. एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हा माझी प्रश्नावली तपासायची होती. म्हणजे काय, तर त्याच माणसांना तेच प्रश्न पंधरा दिवसांनी परत विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत तर प्रश्नावली बाद. रावेतला आमच्या शेजारी हौसामावशी राहतात. पहिल्या वेळी त्यांना विचारलं होतं, "पाचपैकी तुम्ही किती समाधानी?" त्या म्हणाल्या होत्या, "पाच."

पंधरा दिवसांनी गेले आणि तेच विचारलं.

"मागलं पाच चुकलं व्हय? मग चार लिव."

"चुकलं नाही हो मावशी."

"मग परत कशाला इचारतीस?"

"उत्तर विश्वसनीय आहे का, ते बघायचंय."

मावशींनी हातातला लसूण खाली ठेवला. "म्हंजी मी खोटं बोलते, असंच की."

समजूत काढता काढता दोन चहा झाले. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, पाचच हाय माझं. तुझं किती?"

आल्याचा चहा पोटात होता, म्हणून म्हटलं, "पाच."

"आज न्हाई धरत. पंधरा दिसांनी परत इचारीन."