चौकटीच्या वर वीतभर

न्हाय न्हाय, भांडायला न्हाय बोलावलं मॅडम, बसा की हितं पायरीवर. हेल्मेट ठेवा खाली. समोरच्या तुमच्या बांधकामाची तक्रार न्हाय माझी — म्हंजे हाय, पण करून उपयोग काय — परवा वरचा स्लॅब ओतला तुमी, आता तो काय कुणी खरवडून काढणाराय? घटकाभर बसा आन बघा, एवढंच. काय बघायचं? ऊन.

हे घर दक्षिणेच्या तोंडाचं. कुणी घेईना म्हणून आमाला मिळालं. लोक म्हणायचे दार फिरवून घ्या, ही म्हणाली असू द्या. ही म्हंजे नीलव्वा, माझी बायको — ती काय, आत कॉटवर. नमस्कार करू नका, कळत न्हाय तिला — बरं, केलात, ऱ्हाऊ द्या. तर वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो न्हाय का, आजचा — आज दुपारी ऊन ह्या दारातनं पार कॉटपर्यंत जातं. एरवी उंबऱ्याशीच घुटमळतं. आज सगळ्यात आत, आन उद्यापासनं माघारी. मग ही त्याला पावण्यावानी घ्यायची. उंबऱ्यापाशी तांब्याभर पाणी पाय धुवायला, ऊन जिथवर येईल तिथं रांगोळी, वाटीत गव्हाची हुग्गी, खीर म्हणा — आन म्हणायची, बर्री, बर्री. माहेर अक्कलकोटाकडचं, कानडीत या, या. पंचांगात हाय का हे? न्हाय. हिचं हिनंच काढलेलं. मी लई हसायचो — ऊन काय तुझा भाऊ लागतो का, म्हणायचो.

मग हिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणले, बोलत ऱ्हावा. मी बोलतो की. भरवताना बोलतो, पाठ पुसताना बोलतो — भिंतीकडं बघती. गेल्या वर्षी ह्याच दिवशी ऊन तिच्या पायावर आलं आन ही स्पष्ट म्हणाली — बर्री. एकदाच. मी आतनं पळत आलो, म्हणलं नीलव्वा, मी हाय, मी — पण मला न्हाय म्हणाली. उन्हाला म्हणाली. मी तर रोज समोर असतो, मला कोण या म्हणणार? त्या एका शब्दावर वर्ष काढलं मी मॅडम — असू द्या. चहा घ्या, गार होईल.

तुमच्या पायाभरणीचा नारळ मीच फोडला, ठाऊक हाय? गल्लीत म्हातारा मीच म्हणून. चैत्र होता. चार दिवसाआड येणारं पाणी, तरी आमच्या हौदातनं पाइप लावून दिला, भिंतींवर मारायला. चैत्रात ऊन डोक्यावर, तुमच्या भिंतीची सावली तुमच्याच पायात — पौषात ती कुटवर पोचंल, हे माझ्या डोक्यात आलंच न्हाय.

कॉट बाहेर काढू म्हणता? काढली होती परवा, शेजारचा कल्लप्पा आन मी. गल्लीच्या टोकाला उन्हात न्यायची होती, पण गल्लीत आणल्याबरोबर डोळे गच्च मिटून ओरडाय लागली. आन पावणा घरी यायचा असतो की. व्हय, पुढच्या महिन्यात दारात ऊन येईल, कळतंय मला — उंबऱ्यापाशी येईल. तिच्या पायाला न्हाय लागायचं.

थांबा. ऊन पत्र्यावरनं दाराच्या भिंतीवर उतरलं बघा, खाली तुमच्या स्लॅबची सावली. रांगोळी मीच काढलीया, वाकडी आलीया, मला कुटं येती. हुग्गी बी करपली जरा. पाणी ठेवलंय. उतरतंय, उतरतंय — चौकटीच्या वर वीतभर ऱ्हायलं. नीलव्वा, दाराकडं बघ, आलं बघ —

थांबलं का? थांबलंच की. आता परत वर जाईल.

तिनं मान वळवली, बघितलं का? बघितलं ना तुमी? मलाच भास न्हाय झाला? दिवस कळतो तिला, मॅडम. एवढं मातर कळतं. आता मी काय सांगू तिला, पावणा दारावरनं माघारी गेला म्हणून?

तुमची काय चूक न्हाय. खरं सांगू, बघायला बी न्हवतं बोलावलं तुमाला — मला एकट्याला हे बघवणार न्हवतं. जावा आता, माणसं खोळंबली असतील तुमची. आन जाताना दार लोटू नका. ती अजून उंबऱ्याकडंच बघतीया.