घुमटाची भेग आणि माझा मामेभाऊ

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे विश्वस्त, अभियंता मॅडम, आमचे मुख्य मिस्त्री म्हणजे माझे मामा, आणि समोर बसलेले गवंडी, सुतार, लोहार व त्यांच्या घरची मंडळी, सर्वांना नमस्कार.

माझा मामेभाऊ बारक्या उद्या इथल्याहून मोठ्या घुमटाच्या कामावर निघतो आहे. मॅडमना तिथे एकच माणूस न्यायचा होता. मामांनी नाव सुचवलं ते मुलाचं, भाच्याचं नाही. निरोपाचं भाषण मात्र भाच्याकडे आलं. अक्षर चांगलं आहे ना माझं!

आपल्या प्रार्थनागृहाच्या घुमटाचं वजन नुसतं खाली येत नाही, ते भिंतींना बाहेरही रेटतं. म्हणून तळाशी भेगा पडल्या. ऐन थंडीत पहिली भेग माझ्याकडे आली. मी ती धुतली, सिमेंटने गच्च भरली आणि वरून अशी घोटली की विश्वस्तांनी पाठ थोपटली. बारक्या तेवढा म्हणाला, “दादा, थंडीत ती उघडते. उन्हाळ्यात मिटायला जागा ठेवलीस का?”

“आधी मिशी येऊ दे तुला,” मी म्हणालो.

उन्हाळ्यात तिच्या शेजारीच दुसरी भेग निघाली. मामा म्हणाले, “भाचेबुवा, बुजवायला सांगितली होती, पिल्लं काढायला नाही!”

हसा, हसा. तेव्हाही सगळे हसलेच होते.

मग बारक्याने घुमटाच्या तळाला लोखंडी पट्टा कसून घेतला, माझं सिमेंट छिन्नीने काढलं आणि मऊ चुना भरला. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भेग हलली की काच तडकणार. मी रोज सकाळी शिडी चढून ती पाहतो. मॅडम म्हणतात, “किती काळजी घेतोस रे!” काळजी? मी बघतो ते तडकली का म्हणून. थंडी गेली, उन्हाळा गेला. तडकली नाही.

घुमटाचं वाईट कशाला चिंतू? पण एक काच गेली असती, तर कदाचित नाव बदललं असतं.

असो. बारक्या, तुझं अभिनंदन. तिकडे चुना मळायला माणूस लागला तर मला बोलाव. तुझ्या हाताखाली राहीन. चारचौघांत दादा नाही म्हटलंस तरी चालेल. मामा, खाली काय बघताय?

सभागृह दिल्याबद्दल विश्वस्तांचे आणि सकाळपासून चहाचं बघणाऱ्या मामींचे आभार. बोलण्यात चुकलंमाकलं असेल ते मोठ्या मनाने माफ करा. चुना मळण्याचं मात्र चुकून बोललो नाही.